पाठीवरचे डाग आणि डब्यातल्या पुड्या

सिंगापूरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातला मजकूर थोडक्यात देते.

त्या आणि त्यांचे यजमान दोघंही नोकरी करतात. घरात चौदा महिन्यांचा मुलगा. त्याला सांभाळायला त्यांची आई सोलापूरहून सहा महिन्यांसाठी आली आहे. आईंचं वय ६७. नऊ वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदलून कृत्रिम, धातूची बसवली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी रोज चालू. शिवाय मधुमेह आणि रक्तदाब. गेल्या दोन महिन्यांत गुडघे इतके धरले की खाली बसल्यावर उठताना पलंगाचा आधार लागायला लागला. शेजारच्या चिनी आजी त्यांना हाताला धरून आपल्या नेहमीच्या चिनी वैद्यांकडे घेऊन गेल्या. तिथं तीन खेपांत सुया टोचल्या, एकदा पाठीला काचेचे पेले लावले, कानाला टिकलीएवढी चिकटपट्टी लावली आणि दिवसातून दोनदा गरम पाण्यातून घ्यायला पुड्या दिल्या. पुडीवर बारीक इंग्रजी अक्षरांत ‘दू हुओ जी शंग थांग’ असं लिहिलेलं आहे. आईंना बरं वाटतंय. पण पाठीवरचे जांभळे गोल डाग बघून जावईबापूंचा पारा चढला. ‘असला अघोरी प्रकार माझ्या घरात नको’, असं ते म्हणाले. आईंचं म्हणणं, ‘आपल्या आयुर्वेदासारखंच आहे हे, पाच हजार वर्षांचं. झाडपाल्यानं कुणाचं कधी वाईट झालंय? आणि आमच्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस काय उगाच त्या देशात गेले?’ आता तर त्या साखरेची गोळीही बंद करून बघू म्हणतात. भगिनीचा प्रश्न असा: ‘मी आईची बाजू घेऊ की नवऱ्याची? चिनी वैद्यकावर विश्वास ठेवायचा की नाही?’

प्रिय ताई,

प्रश्नाकडे वळण्याआधी दोन कामं सांगते. ती आजच करा. बाकीचं पत्र उद्या वाचलंत तरी चालेल.

पहिलं काम म्हणजे आईंच्या पुड्या थांबवा. फेकू नका, पाकिटासकट एका डब्यात ठेवा, लागणार आहेत. वॉर्फरिन मात्र रोजच्या वेळेला रोजच्या मात्रेत चालू राहू दे. ती मनानं बंद करायची नाही, कमी-जास्तही करायची नाही. आणि उद्या-परवाच्या आत त्यांना जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये किंवा डॉक्टरांकडे नेऊन आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आकडा, तपासून घ्या. पुड्या आधी घेतल्या आणि आता बंद केल्या, दोन्ही गोष्टींनी तो आकडा हलू शकतो, म्हणून आठवडाभरानं तो पुन्हा एकदा बघायचा. मधल्या काळात हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, डांबरासारखी काळी शौच, लाल लघवी, न आपटता उमटलेले निळे डाग किंवा एकाएकी ठणकणारं डोकं, यांतलं काहीही दिसलं तर रुग्णवाहिकेसाठी ९९५ ला फोन करा. तेव्हा चिनी वैद्यांनाही विचारत बसू नका आणि मलाही पत्र लिहू नका.

दुसरं काम कानाच्या त्या पट्टीचं. उजेडात बसवून ती हलकेच सोडवा. खाली मोहरीसारखी बी निघाली तर काळजी नाही. ती नुसती दाबायची असते. पण काही पट्ट्यांखाली अगदी इवलीशी सुई असते आणि ती कातडीत दिवसेंदिवस रुतून राहते. सुई निघाली तर ती परत लावायची नाही. धडधाकट माणसाला तिचा फारसा त्रास नाही. कृत्रिम झडप असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. कातडीतल्या त्या उघड्या वाटेनं जंतू रक्तात शिरले तर ते झडपेवर जाऊन बसू शकतात, आणि झडपेवर बसलेला जंतुसंसर्ग हटवणं फार कठीण. त्या वैद्यांना आईंच्या झडपेबद्दल कुणी सांगितलं होतं का? पत्रात तसा उल्लेख नाही. शेजारच्या आजी आणि आई यांच्यातलं बोलणं खाणाखुणांनी चालतं असं तुम्हीच लिहिलंय. खाणाखुणांनी ‘गुडघा दुखतो’ सांगता येतं, ‘वॉर्फरिन घेते’ हे कसं सांगणार?

आता तुमच्या प्रश्नाकडे. ‘चिनी वैद्यकावर विश्वास ठेवायचा की नाही’ हा प्रश्नच मला अडचणीचा वाटतो, कारण चिनी वैद्यक ही एक वस्तू नव्हे. सुई टोचणं, पेले लावणं, औषधी धुरी, चोळणं-रगडणं, काढे-पुड्या, पहाटेचे संथ व्यायाम, असं बरंच काही त्या एका नावाखाली येतं. यांतलं प्रत्येक शरीराशी वेगवेगळ्या पद्धतीनं वागतं. कशाचा पुरावा चांगला, कशाचा तोकडा. कशात धोका नगण्य, कशात मोठा. सगळं एका गाठोड्यात बांधून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटलं की घरात दोन पक्ष होणारच. तुमच्या घरी तेच झालंय. पण तुमचे यजमान ज्या गोष्टीला घाबरले ती त्यातल्या त्यात सौम्य होती. आणि ज्या गोष्टीकडे दोघांनीही ढुंकून पाहिलं नाही, ती चहाच्या कपात विरघळून रोज दोनदा आईंच्या पोटात जात होती.

डागांचं आधी बोलू. चिनी भाषेत या प्रकाराला ‘पा क्वान’ म्हणतात. स्पिरिटात बुडवलेला कापसाचा बोळा पेटवून काचेच्या पेल्यात क्षणभर फिरवतात आणि पेला झटकन पाठीवर ठेवतात. आतली तापलेली हवा निवते, आकसते आणि कातडी फुग्यासारखी आत ओढली जाते. पाच-दहा मिनिटांनी पेला काढला की जांभळं वर्तुळ राहतं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पोहणारा मायकल फेल्प्स खांद्यावर असलीच वर्तुळं घेऊन उतरला तेव्हा जगभर त्यांचीच चर्चा झाली होती. तुमच्या यजमानांना ‘अघोरी’ वाटलेला हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. आपल्याकडे याला तुंबडी लावणं म्हणायचे. सुश्रुतानं तुंबा आणि शिंग वापरून रक्त ओढून घेण्याचं वर्णन केलेलं आहे. माझ्या लहानपणी आमच्या गावात वैदू लोकांचा तळ पडायचा. त्यांच्यातली एक बाई माझ्या आजीच्या पाठीला तुंबडी लावायची आणि आम्ही पोरं दाराआडून बघायचो. आजी डोळे मिटून म्हणायची, ‘हलकं वाटलं गं.’

हलकं वाटतं हे खरं. पण त्या वर्तुळातून ‘विष’ बाहेर येतं, हे खरं नाही. कातडीखालच्या बारीक केशवाहिन्या फुटून रक्त साकळतं, इतकंच. ते एरवी आठवडा-दोन आठवड्यांत विरतं. मात्र ज्याचं रक्त औषधानं पातळ केलेलं आहे, त्याच्या बाबतीत मुद्दाम साकळवलेलं हे रक्त जास्त पसरतं आणि जास्त दिवस राहतं. म्हणून आईंना पेले पुन्हा लावू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. गुळगुळीत पट्टीनं कातडी लाल होईपर्यंत घासायचा ‘क्वा षा’ नावाचा प्रकार असतो, तोही त्यांना नको.

सुया मात्र मी इतक्या पटकन निकालात काढणार नाही. अ‍ॅक्युपंक्चरची सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा पुष्कळ बारीक असते, केसाहून थोडी जाड. आत पोकळी नसते, तिच्यातून औषध जात नाही. जुन्या शास्त्राप्रमाणे अंगावर ३६१ बिंदू मानलेले आहेत. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं सोडून, नडगीच्या बाहेरच्या अंगाला जो बिंदू येतो त्याला ‘चू सान ली’ म्हणतात. आईंना तिथं नक्की टोचलं असणार, कारण गुडघेदुखीत तो टाळणारा वैद्य विरळा. सुई बसल्यावर जडपणा, झिणझिण्या, आतून दाबल्यासारखं काहीतरी वाटतं. चिनी वैद्य त्याला ‘छी आली’ म्हणतात. आपल्या ‘प्राण’ शब्दाच्या जवळ जाणारा हा शब्द आहे.

याचा गुडघ्याला उपयोग होतो का? जर्मनीत सुमारे हजार गुडघेदुखीच्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००६ साली छापून आले. एका गटाला चिनी पद्धतीनं अचूक बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला सुया नाहीत, फक्त नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी अचूक सुयांच्या गटात ५३ टक्के लोकांना चांगला फरक होता, भलत्या जागी टोचलेल्यांत ५१ टक्क्यांना आणि नेहमीच्या उपचारांत २९ टक्क्यांना. हे आकडे मी बऱ्याचदा मनात घोळवते. बिंदू अचूक असण्यानं जवळजवळ काही फरक पडला नाही. पण कुणीतरी झोपवून, वेळ देऊन, हात लावून, लक्ष देऊन काहीतरी केलं, याचा फरक पडला. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचना २०२२ पासून गुडघ्याच्या झिजेसाठी सुया देऊ नका म्हणतात. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या सूचना ‘हवं तर करून पाहा’ म्हणतात. पुरावा असा दुभंगलेला असताना, आईंना बरं वाटत असेल आणि आयएनआर मर्यादेत असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारून गुडघ्याभोवतीच्या उथळ सुया चालू ठेवायला माझी हरकत नाही. अट एकच. वैद्यांना झडप, वॉर्फरिन आणि मधुमेह या तिन्ही गोष्टी कागदावर लिहून दिलेल्या असल्या पाहिजेत आणि प्रत्येक वेळी सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे.

एक गोष्ट अजून झालेली नाही पण पुढच्या खेपेला होऊ शकते. गुडघ्याला ‘थंडी बसली’ म्हणून वैद्य शेक देतील. एका वनस्पतीचा वाळलेला लोकरीसारखा भुगा वळून विडीसारखी जाड कांडी करतात, ती पेटवून कातडीजवळ धरतात. ही वनस्पती आपल्या दवण्याच्या कुळातली. चैत्रात जोतिबाला वाहतात त्या दवण्याची चुलत बहीणच म्हणा. वास ओळखीचा वाटून आई खूश होतील. पण मधुमेहानं पायाच्या संवेदना बोथट झाल्या असतील तर चटका बसल्याचं कळतच नाही. फोड येतो, जखम होते, ती चिघळते. तुम्ही एक साधी गोष्ट करून बघा. आईंना डोळे मिटायला सांगा आणि कापसाच्या टोकानं त्यांच्या पायाच्या बोटांना हलका स्पर्श करा. कुठं शिवलं हे त्यांना सांगता आलं नाही तर पायाला कसलाही शेक नको. घरातली गरम पाण्याची पिशवीसुद्धा नको.

आता पुड्या. मी इथं जास्त रेंगाळणार आहे.

‘दू हुओ जी शंग थांग’ हा गुडघे आणि कंबर धरलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठीचा जुना, नावाजलेला पाठ, म्हणजे औषधाची ठरलेली कृती, आहे. सातव्या शतकातल्या सुन स्समिआव या वैद्याच्या ग्रंथात तो सापडतो. वैद्यांनी काही वेडंवाकडं दिलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या शास्त्राप्रमाणे त्यांनी नेमकंच दिलं. यात पंधरा द्रव्यं पडतात. त्यांतली काही आईंच्या अगदी ओळखीची निघतील. एक आहे दालचिनी. एक आहे आपल्या आघाड्याच्या जातीचं मूळ, तोच आघाडा जो आपण गणपतीला पत्री म्हणून वाहतो. एक ज्येष्ठमध. ही नावं सांगितलीत तर आई म्हणतील, ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’

आणि त्याच वेळी पुढचंही सांगा. त्या पंधरांत ‘तांग क्वेइ’ नावाचं मूळ आहे. वॉर्फरिनबरोबर ते घेतलं तर आयएनआर वर चढल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. जिनसेंग आहे, ते उलट वॉर्फरिनचा जोर कमी करू शकतं. म्हणजे एकाच पुडीत एक द्रव्य रक्त जास्त पातळ करायला बघणार आणि दुसरं घट्ट. बेरीज कुठं जाईल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. आकडा वर गेला तर रक्तस्राव, खाली गेला तर धातूच्या झडपेवर गुठळी, आणि ती गुठळी सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात. ज्येष्ठमध खोकल्याला दोन दिवस चघळणं वेगळं आणि रोज दोनदा आठवडेच्या आठवडे पोटात जाणं वेगळं. त्यानं अंगात पाणी धरतं, रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. ‘तान शन’ नावाचं आणखी एक लाल मूळ आहे. ते या पाठात नाही, पण ‘हृदयासाठी चांगलं’ म्हणून फार दिलं जातं. झडप बदललेल्या, वॉर्फरिन घेणाऱ्या रुग्णांनी ते घेतल्यावर रक्तस्राव झाल्याच्या नोंदी हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात केल्या. शेजारच्या आजी प्रेमानं ते देऊ करतील. तेव्हा नाव लक्षात असू द्या.

‘झाडपाल्यानं कुणाचं कधी वाईट झालंय?’ या आईंच्या प्रश्नाला माझ्याकडे दुर्दैवानं उत्तर आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये ब्रुसेल्सला वजन उतरवायच्या एका उपचारात चिनी वनस्पती दिल्या जात होत्या. ‘फांग ची’ नावाच्या मुळाच्या जागी जवळजवळ त्याच नावाची पण वेगळीच वनस्पती आली. शंभरावर लोकांची, बहुतेक बायकांची, मूत्रपिंडं निकामी झाली आणि त्यांतल्या अनेकींना पुढं मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. ती वनस्पती आपल्या ईश्वरीच्या जातीतली. म्हणून केवळ चिनी औषधांना दोष देऊन आपल्याला सुटता येत नाही. चिनी ‘फू त्झ’ म्हणजे आपल्या बचनागाचा भाऊ. शुद्धी केल्याशिवाय तो विष आहे, हे तिकडचे वैद्यही सांगतात आणि इकडचेही. पानात, मुळात ताकद आहे म्हणूनच ते औषध. मग ताकद आहे तर ती वाकड्या दिशेनंही लागू शकते, हे मान्य करायलाच हवं.

आणि याच झाडपाल्यातून केवढं भलं झालंय तेही सांगते, म्हणजे यजमानांनाही सांगता येईल. चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना हिवतापावरच्या औषधासाठी २०१५ चं नोबेल मिळालं. चौथ्या शतकातल्या को हुंग यांच्या हातपुस्तकात त्यांना एक कृती सापडली होती: मूठभर छिंगहाव पाण्यात भिजत घाल, पिळून काढ आणि रस पी. उकळ असं म्हटलंच नव्हतं. म्हणजे उष्णतेनं गुण जात असावा, असं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो लागू पडला. छिंगहाव हीसुद्धा दवण्याच्याच कुळातली. तू योयो यांनी जुन्या पोथीचा मान ठेवला आणि मग प्रयोगशाळेत तिची परीक्षा घेतली. तुमच्या घरात हे दोन्ही करायची मुभा असायला काय हरकत आहे?

पाच हजार वर्षांचं म्हणाल तर या शास्त्राचा मूळ मानलेला ग्रंथ साधारण दोन हजार वर्षांचा. आणि तुमच्या बैठकीतलं भांडण चीननं स्वतः मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे. १८२२ मध्ये तिथल्या बादशहानं राजवैद्यांच्या संस्थेतून सुया बंद केल्या. १९२९ मध्ये जुनं वैद्यक मोडीत काढण्याचा प्रस्ताव सरकारपुढं आला, तेव्हा देशभरचे वैद्य शांघायला जमून त्याविरुद्ध उभे राहिले. पुढं डॉक्टर अपुरे म्हणून माओच्या राजवटीनं जुन्या वैद्यांना हाताशी धरलं, १९५६ मध्ये पेचिंग (म्हणजे बीजिंग), शांघाय, क्वांगचौ आणि छंगतू इथं महाविद्यालयं काढली आणि विखुरलेल्या परंपरा एका अभ्यासक्रमात बसवल्या. आज आपण ज्याला पारंपरिक चिनी वैद्यक म्हणतो, त्याची ही घडी तेव्हाची.

कोटणीसांबद्दलही आईंना प्रेमानं सांगा. द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले ते जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायला, आणि १९४२ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी तिथंच गेले. सुयांची विद्या शिकून भारतात आणली ती त्यांचे त्याच पथकातले सहकारी डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी, कोलकात्याला. सोलापूरकर म्हणून आईंना कोटणीसांचा अभिमान वाटतो, आणि तो असायलाच हवा. फक्त त्यांच्या नावावर साखरेची गोळी बंद करू नये.

हो, साखरेची गोळी. ती बंद करायची नाही, यावर चर्चा नाही. आणि याला लागूनच एक सूचना, सांधेदुखीनं गांजलेल्या सगळ्याच वाचकांसाठी. ‘दोन दिवसांत गुडघे मोकळे’ करणाऱ्या, इंटरनेटवरून किंवा प्रवासात कुणाकडून आलेल्या चिनी-मलय गोळ्या अजिबात घेऊ नका. अशा गोळ्यांत न सांगता स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याचे इशारे सिंगापूरच्या औषध नियामक संस्थेनं वेळोवेळी दिले आहेत. दुखणं खरंच दोन दिवसांत थांबतं, आणि मधुमेह्याची साखर आभाळाला भिडते. महाराष्ट्रातही गावोगाव अशा ‘जादूच्या’ पुड्या मिळतात. त्यांची गोष्ट वेगळी नाही.

आता काय करायचं? सिंगापुरात चिनी वैद्यांसाठी २००० सालचा कायदा आहे, नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदलेल्यांची यादी कुणालाही पाहता येते. आईंच्या वैद्यांचं नाव त्यात बघा. असेल, तर एका शनिवारी तुम्ही स्वतः त्यांच्याकडे जा. शक्य असेल तर यजमानांनाही न्या, भांडायला नव्हे, ऐकायला. सगळ्या गोळ्यांची यादी द्या आणि पुडीतल्या सगळ्या द्रव्यांची नावं लिहून मागा. चांगला वैद्य वॉर्फरिन ऐकताच स्वतः पुड्या मागे घेईल. ‘आमच्या औषधाला काही होत नाही’ म्हणणारा असेल, तर तो नोंदलेला असला तरी आईंना तिथून उठवा. मग ती यादी हृदयाच्या डॉक्टरांना द्या. चीनमधल्या बऱ्याच रुग्णालयांत दोन्ही शास्त्रांचे डॉक्टर एका छताखाली असतात. तुमच्याकडे आईंच्या दोन फायली दोन दवाखान्यांत आहेत आणि त्या एकमेकींना कधीच भेटत नाहीत. ती भेट घडवणं एवढंच तुमच्याकडे आहे, बाजू घेणं नाही.

जे वाचक महाराष्ट्रात आहेत त्यांच्यासाठी: आपल्याकडे अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आणि त्याखाली परिषद आहे. सुई टोचणाऱ्याला त्याची नोंदणी विचारायला लाजू नका. आणि भारतात बऱ्याच जणांना वॉर्फरिनऐवजी असिनोकुमारॉल दिलेलं असतं. नाव वेगळं, पण वर लिहिलेली सगळी काळजी त्यालाही लागू.

एक गोष्ट मात्र मला पत्र वाचताना टोचत राहिली. बाळ चौदा महिन्यांचं. दहा किलोंच्या आसपास असेल. आई त्याला दिवसातून किती वेळा खालून उचलतात? जमिनीवर बसून भरवतात का? तुम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडता आणि संध्याकाळी सातला येता. गुडघे दुखायला लागले तेही इथं आल्यावरच. सुया, पुड्या, डाग यांवर घरात इतकं बोलणं झालं. हे कुणी मोजलं का? बाळाला भरवायची उंच खुर्ची आणा. कपडे बदलायची जागा टेबलाच्या उंचीवर करा. दुपारचे काही तास पाळणाघर किंवा मदतनीस बघा. पैसे लागतील, पण वैद्यांनाही लागतच होते.

आणि दुसरं. त्या घरात दिवसभर आईंशी मराठीत बोलणारं कुणी नाही. शेजारच्या आजींनी त्यांना हाताला धरून नेलं, वैद्यांनी जीभ बघितली, नाडी बघितली, अर्धा तास गुडघ्यावर हात ठेवला. नऊ वर्षांत किती डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्याला हात लावला असेल? जावयांना डागांमध्ये अघोरीपणा दिसला, आईंना त्यात कुणीतरी आपली विचारपूस केल्याची खूण दिसली. ‘तुझ्या नवऱ्यानं बंद केलं’ असं झालं तर त्या गप्प बसतील आणि पुढच्या खेपेला लपवून जातील. वॉर्फरिनवरच्या माणसानं लपवून काही घेणं यासारखा धोका नाही. म्हणून पुड्या बंद करताना ‘मी घाबरले, आई’ असं म्हणा. ते खरंही आहे.

बंद करताना हाताला काहीतरी द्यायलाही हवं. ते त्या चिनी आजींकडेच आहे. तुमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत नाहीतर जवळच्या बागेत पहाटे ज्येष्ठ मंडळी ताई ची करत असतील. पाण्यात चालल्यासारखे संथ हात, वाकलेले गुडघे, एका पायावरून दुसऱ्या पायावर हळूहळू जाणारं वजन. बॉस्टनमध्ये २०४ रुग्णांवर झालेल्या, २०१६ साली छापून आलेल्या अभ्यासात बारा आठवड्यांच्या ताई चीनं गुडघेदुखीत फिजिओथेरपीइतकाच आराम दिला. वर ज्या अमेरिकी सूचना सांगितल्या, त्यांनी सुयांना ‘हवं तर’ म्हटलं आणि ताई चीची शिफारस ठामपणे केली. चिनी परंपरेतली ही एकच गोष्ट अशी आहे, जी आईंच्या झडपेला, साखरेला, रक्ताला आणि गुडघ्याला एकाच वेळी मानवते. सुरुवातीला खुर्चीच्या पाठीला धरून, गुडघे फार न वाकवता करू दे. आणि पहिले काही दिवस जावईबापूंनाच बाळाला कडेवर घेऊन सोबत जायला सांगा.

आयएनआरचा आकडा आला की कळवा. आणि कानाच्या पट्टीखाली बी निघाली की सुई, तेही.